३९ सेंटीमीटरचं दार आणि मुरूडकडचा रस्ता : प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

जालन्याच्या शेठचं काम घेतलं. बियाण्यांचा धंदा, स्वतःचं सेसना १७२, उडवतातही स्वतःच. विमान छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उभं असतं आणि बियाण्याचे प्लॉट लातूर, धाराशिव, नांदेड असे पांगलेले. लातूरला रस्त्यानं बीड-अंबाजोगाईवरून जायचं म्हणजे पाच-सहा तास. विमानानं तासाभरात चाकं टेकतात. खरी रखडपट्टी तिथून पुढे सुरू होते. विमानतळ गावाबाहेर, रिक्षा तिकडे फिरकत नाही. ज्याला गाडी घेऊन यायला सांगितलंय तो फोनवर "निघालोच" म्हणतो आणि पुढचा पाऊण तास निघतच असतो. दिवस मावळायच्या आत परत यायचं असतं, म्हणजे तो पाऊण तास प्लॉटवरच्या वेळेतूनच कापला जातो.

मागणी अशी: सामानाच्या कप्प्यात मावेल अशी विजेवरची छोटी गाडी. घडी घालता यावी, एकट्याला उचलता यावी, वजन बारा किलोच्या आत. आणि लातूरजवळच्या मुरूडकडच्या शेतरस्त्यावर तिनं माणसाला पाडू नये. ही शेवटची अट त्यांनी चहा संपताना, उठता उठता सांगितली. काम सगळं तिथंच आहे.

१४ नोव्हेंबर

हँगरमध्ये मापं घेतली. सामानाचं दार विमानाच्या डाव्या अंगाला, मागच्या सीटच्या मागे. रुंदी सव्वापंधरा इंच, म्हणजे जेमतेम ३९ सेंटीमीटर. उंची पुढच्या कडेला २२ इंच, मागच्या कडेला २१. आतला कप्पा बाहेरून वाटतो त्याहून ऐसपैस आहे, पण मागे निमुळता होत जातो. मॅन्युअलमध्ये त्याचे दोन भाग केलेत. दोन्ही मिळून १२० पौंडांची, म्हणजे ५४ किलोची मर्यादा, आणि त्यातही मागच्या भागात ५० पौंडांपेक्षा जास्त ठेवायचं नाही.

सोबत पुठ्ठ्याची खोकी नेली होती. लहान-मोठी आलटून पालटून आत घालून पाहिली. कळलं ते असं की नुसती रुंदी-उंची जमवून भागत नाही. वस्तू बाजूनं आत जाते आणि आत गेल्यावर तिला काटकोनात वळावं लागतं. लांब खोकं समोरच्या भिंतीला टेकतं आणि शेपूट दाराबाहेर राहतं. मीटरभर लांबीचं खोकं तिरकं करून, दाबून, शेठच्या ड्रायव्हरनं आतून ओढून कसंबसं गेलं. बाहेर काढताना दाराच्या रबराला घासलं तेव्हा शेठचा चेहरा पाहण्यासारखा होता. ७५ सेंटीमीटरचं मात्र निमूट गेलं आणि निमूट बाहेर आलं. म्हणजे आपली घडी ७५ × ५० × ३६ च्या आत. हे माप कागदावर लिहून वर्कशॉपच्या भिंतीला चिकटवलं.

२२ नोव्हेंबर

तयार काय मिळतं ते पाहिलं. विमानातून छोटी गाडी नेण्याची कल्पना जुनीच. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी वेलबाइक नावाची घडीची मोटरसायकल काढली होती. पॅराशूटनं टाकायच्या नळकांड्यात मावावी म्हणून ती तेवढी बुटकी. होंडानं १९८१ साली मोटोकॉम्पो काढली, ती त्यांच्याच सिटी मोटारीच्या डिकीत बसायची. त्याच घराण्यातली विजेवरची मोटोकॉम्पॅक्टो २०२३ ची. दिसायला ऐटबाज ब्रीफकेस, पण वजन जवळपास १९ किलो.

आता सगळीकडे दिसते ती उभं राहून चालवायची किक-स्कूटर. नेहमीच्या मॉडेलचं वजन साडेबारा किलोच्या आत, मोटर २५० वॅटची, चाकं साडेआठ इंचांची. घडी घातल्यावर लांबी १०८ सेंमी, हँडल ४३ सेंमी रुंद. म्हणजे लांबीही जास्त आणि हँडलही दाराबाहेर. तरी एक उसनी आणली. रस्ता काय म्हणतो ते आधी ऐकू, घडीचं नंतर बघू.

२ डिसेंबर

वजनाचा हिशेब. विमानाचं कमाल उड्डाण वजन २५५० पौंड, म्हणजे ११५७ किलो. शेठच्या विमानाचं रिकामं वजन त्यांच्या कागदावर ७७२. उरले ३८५. परतीचं इंधन इथूनच भरून न्यायचं हा त्यांचा नियम, पण त्यासाठी टाक्या गच्च भरायची गरज नाही. जाऊन-येऊन दोन तास, वर राखीव पाऊण तास. ताशी ३४-३५ लिटर धरले तर १२० लिटर भरपूर झाले. ॲव्हगॅसचं, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचं, वजन लिटरला ०.७२ किलो, म्हणजे ८६ किलो. शेठ ८८, मी ७६. सगळं वजा जाता १३५ किलो शिल्लक, आणि कप्प्याची मर्यादा ५४.

म्हणजे गाडी बारा किलोची असो की सोळाची, विमानाला त्याचं फारसं काही नाही. पुढे दोनच माणसं बसली की विमानाचा गुरुत्वमध्य तसाही पुढे असतो. मागे थोडं वजन पडलं तर तो मधे सरकतो. मागच्या सीटवर माणसं असतील तर मात्र गणित नव्यानं मांडायचं, तेव्हा हीच गाडी अडचणीची ठरू शकते. बारा किलोचा आग्रह विमानाचा नाही, शेठच्या कमरेचा आहे. हा फरक त्यांना नीट समजावून सांगितला, कारण बाकीचं सगळं डिझाइन त्याच्यावर ठरणार आहे. त्यांनी कमरेवर हात ठेवून मान डोलावली.

३० डिसेंबर

येळवस. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्येला अख्खं गाव शेतात जातं, शहरं ओस पडतात. शेठला त्यांच्या प्लॉटवाल्याचं आमंत्रण होतं. म्हणाले, चला, आज तर गाडी घेऊन कुणी येणारच नाही, तुमच्या स्कूटरची परीक्षा होऊन जाऊ द्या.

फ्लाइट प्लॅन, एडीसी नंबर (हवाई संरक्षणाची परवानगी), एफआयसी नंबर (उड्डाण माहिती केंद्राचा) हे सगळं शेठनी आदल्या संध्याकाळी उरकलेलं. उसनी स्कूटर सामानाच्या दारातून गेलीच नाही. शेवटी केबिनच्या दारातून आत घेतली आणि मागच्या सीटवर दोन्ही पट्ट्यांनी बांधली. बॅटरी तिच्या पोटातच, काढता न येणारी. मला ते अजिबात आवडलं नाही. वाटभर एक डोळा मागे होता.

लातूरला उतरल्यावर ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या फरशीवर, गाडी चालवायची नाही, हातानं ढकलत गेटपर्यंत न्यायची. सुरक्षेचा नियम आहे आणि योग्यच आहे. गेटवरचा माणूस बघतच राहिला. म्हणाला, "इमानातून गाडी आणलाव? मग रस्त्यानंच यायचं की गाडीवर." शेठ खो खो हसले.

प्लॉट मुरूडच्या बाजूला, सातेक किलोमीटर. प्लॉटवाल्याचा पोरगा शेवटी मोटरसायकल घेऊन आलाच. शेठ त्याच्या मागे बसले आणि मी स्कूटरवर. डांबरी रस्ता होता तोवर मजा होती. पहिला त्रास गतिरोधकांचा. स्कूटरचं पोट इतकं खाली की प्रत्येक गतिरोधकाला घासायचं. मग रस्त्याची कड. ऊस वाहणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून समोरून येतात, तेव्हा डांबर सोडून खाली उतरावंच लागतं. डांबराची कड आणि मुरूम यांच्यात चार बोटांची पायरी. उतरताना जमतं, परत वर चढताना पुढचं चाक कडेला अडतं आणि हँडल हातातून फिरतं. मी प्रत्येक वेळी उतरून चाक उचलून वर ठेवलं.

शेवटचा पट्टा बैलगाडीच्या चाकोरीचा. काळी माती वाळून दगड झालेली, दोन चाकोऱ्यांत उंचवटा आणि मधे भेगा. साडेआठ इंचांचं चाक भेगेत अडकलं की तिथंच थांबतं. माणूस मात्र पुढे चाललेला असतो. तो पट्टा मी स्कूटर खांद्यावर घेऊन पार केला.

शेतात कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, पूजा झालेली. भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मातीच्या बिंदगीतलं गार आंबील. दोन वाट्या आंबील पोटात गेल्यावर खांद्याचं दुखणं थोडं कमी झालं. प्लॉटवाल्याची आई स्कूटरच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाली, "एवढं बारकं चाक घेऊन शेतात येतेत का, बाबा?" शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "घ्या, तुमची टेस्ट रिपोर्ट."

३ जानेवारी २०२५

आजींचं म्हणणं आकड्यात मांडलं. R त्रिज्येचं चाक h उंचीच्या पायरीवर आडव्या जोरानं चढवायचं, तर लागणारा जोर = चाकावरचं वजन × √(२Rh − h²) ÷ (R − h). साडेआठ इंची चाकाची त्रिज्या १०८ मिमी. पायरी ५ सेंमीची धरली तर चाकावरच्या वजनाच्या १.५७ पट जोर लागतो. साडेबारा इंची चाक घेतलं, म्हणजे त्रिज्या १५९ मिमी, तर १.०६ पट. जोर एक तृतीयांशानं उतरला. हवेचा टायर पायरीभोवती दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्ही आकडे थोडे सौम्य होतात, पण त्यांच्यातला फरक तसाच राहतो.

साडेबारा इंची टायर लहान मुलांच्या सायकलचा. साडेबारा गुणिले सव्वादोन हे माप कुठल्याही तालुक्याच्या सायकल दुकानात मिळतं, ट्यूबसकट. साडेआठ इंचाची ट्यूब मुरूडला कोण देणार? बाहेरचा व्यास ३२ सेंमी, दार ३९. चाक आत जातं. उरलेल्या सात सेंटीमीटरांत बाकीचा संसार मांडायचा.

विमानाच्या दाराला लहान चाक हवं, रस्त्याला मोठं. बाजारातल्या सगळ्या गाड्यांनी दाराचं ऐकलंय, कारण त्या लिफ्टसाठी आणि मेट्रोसाठी बनल्यात. आपण रस्त्याचं ऐकायचं आणि घडी तेवढी दाराच्या मनासारखी घालायची.

२० जानेवारी

चाकं मोठी झाल्यावर दोन आसांतलं अंतर ९५ सेंमीच्या खाली नेता येत नाही. त्याहून कमी केलं तर उतारावर गाडी पुढे कलंडते. दोन्ही टोकांना चाकं धरून लांबी सव्वा मीटरच्या पुढे. म्हणून पाय ठेवायची पाटीच मधोमध दुमडायची, म्हणजे दोन्ही चाकं शेजारी शेजारी येतात. हँडलचा दांडा खाली दुमडून त्यांच्या वर झोपतो. कागदावर घडी ७२ × ५० × ३५.

पाटी मधे दुमडायची म्हणजे सगळ्यात जास्त ताण जिथं येतो तिथंच सांधा. शेठचं वजन ८८, तोल मधोमध धरला तर वाकवणारा जोर २०५ न्यूटन-मीटरच्या आसपास. खड्ड्यातला धक्का तिप्पट धरून ६१५. वरची कडी आणि खालची पिन यांच्यात ६० मिमी अंतर ठेवलं तर पिनवर दहा हजार न्यूटन. ८ मिमीची ईएन-२४ जातीच्या कडक पोलादाची पिन, दोन्ही बाजूंनी आधार दिलेली. कातरताण १०० मेगापास्कलच्या आसपास येतो. चालेल. पिन चालेल, पण तिची भोकं सैल व्हायला नकोत, म्हणून आत कडक बुश दाबून बसवायचे आणि झिजले की बदलायचे.

चाचांचा आणि माझा वाद झाला. चाचा आमचे वेल्डर. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला तेव्हापासून या पट्ट्यात टिग वेल्डिंग मारतायत. मला फ्रेम ॲल्युमिनियमची हवी होती. चाचांनी साफ नाही म्हटलं: "साब, ६०६१ को वेल्ड मारा के उसकी जान निकल जाती. फिर भट्टी में डालो, टेढा हुआ तो सीधा करो. एक गाडी के वास्ते?" बरोबर आहे. ६०६१ ही ॲल्युमिनियमची एक जात. टी-६ टेम्परचं, म्हणजे तापवून-मुरवून कडक केलेलं ॲल्युमिनियम वेल्डच्या आजूबाजूला निम्म्याच्या आसपास ताकद गमावतं, आणि ती परत आणायला पूर्ण फ्रेम तापवून, विझवून, मुरवावी लागते. म्हणून फ्रेम पातळ भिंतीच्या क्रोमोली पोलादाच्या नळीची, पाटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, बोल्टनं जोडलेली. किलोभर वजन वाढेल.

४ फेब्रुवारी

बॅटरी. हे खातं भाचीकडे. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरट आहे, म्हणूनच तिला दिलं.

विमान कंपन्यांचा प्रवाशांसाठीचा नियम सरळ आहे: १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी चालते, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्यावर बंदी. सुट्या बॅटऱ्या पोटातल्या सामानात नाहीत, हाताशी. शेठ म्हणाले, विमान आपलं, आपल्याला कोण विचारतं? भाची म्हणाली, "शेठ, आग लागताना ती विमान कुणाचं ते विचारत नाही." त्यावर शेठ गप्प. ठरलं: एकही पॅक १६० च्या वर नाही, दोन्ही गाडीतून बाहेर निघणारे, आणि उडताना पुढच्या सीटमागे, हात पोचेल असे.

मग रसायन कुठलं. निकेलवाले २१७०० मापाचे लिथियम सेल घेतले तर दहा सेलांचा पॅक १५१ वॅट-तास आणि सेलांचं वजन फक्त ७०० ग्रॅम. लिथियम लोह-फॉस्फेटचे २६६५० मापाचे सेल घेतले तर बारा सेलांत १२७ वॅट-तास आणि वजन किलोभर. महिन्यापूर्वी मी डोळे झाकून पहिला घेतला असता. पण वजनाचं खरं बंधन विमानाचं नाही हे एकदा ठरल्यावर, आणि पॅक गाडीपासून वेगळे हातात न्यायचे असल्यावर, तीनशे ग्रॅमसाठी जास्त भडकणारी चीज घेण्यात अर्थ नाही. लोह-फॉस्फेटला पेटायला जास्त तापमान लागतं आणि पेटलंच तरी तेवढा थयथयाट करत नाही. विमानातला हॅलॉनचा विझवणारा ज्वाळा विझवतो, पण सेल गार करत नाही. गार करायला पाणीच लागतं. म्हणून बॅटरीच्या पिशवीशेजारी दोन लिटर पाण्याची बाटली, प्यायची नाही अशी चिठ्ठी लावून. (नंतरची नोंद: शेठनी पहिल्याच उड्डाणात ती प्यायली.)

भाचीचे आणखी दोन नियम. एक, दोन पॅक समांतर जोडायचे नाहीत. भरलेला आणि रिकामा पॅक एकत्र आले की एकातून दुसऱ्यात करंट लोटतो. मधे बदल-स्विच, एका वेळी एकच पॅक. दुसरा, बॅटरी विमानात किंवा विमानाजवळ जोडायची नाही. जोडताना मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचे कपॅसिटर भरतात आणि ठिणगी उडते. शेजारी पंखाच्या टाकीतून ॲव्हगॅस काढून पाणी तपासणं चाललेलं असतं. ठिणगी न पाडणारा कनेक्टर लावलाय, तरी नियम कायम.

या रसायनाचा एक तोटा आहे. लोह-फॉस्फेटचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे व्होल्टेज बघून चार दांड्या दाखवणारं मीटर बराच वेळ सगळं भरलेलं दाखवतं आणि मग अचानक हात वर करतं. अँपिअर-तास मोजणारं मीटर बसवावं लागलं.

१८ फेब्रुवारी

कायद्याची बाजू. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत ते मोटार वाहन धरलं जात नाही. नोंदणी नाही, लायसन नाही. ब्रेक आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर हवेतच. पण नोंदणी लागत नाही म्हणजे घरी बनवून कुठंही पळवायची असं नाही. ही सूट घ्यायला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचा कागद लागतो. तोवर वर्कशॉपचं आवार आणि शेठचे स्वतःचे प्लॉट. शेठ कुरकुरले, पण ऐकलं.

१ मार्च

हबमोटर, म्हणजे चाकाच्या तुंब्यातच बसणारी मोटर, आली. गिअरवाली घेतली, थेट फिरणाऱ्यापेक्षा हलकी आणि चढाला जोर जास्त.

मोटरमध्ये ताकदवान चुंबकं असतात आणि सेसनाच्या काचेवर होकायंत्र लटकलेलं असतं, ही शंका मला आधीपासून होती. विमानमालासाठीचा चुंबकाचा नियम २.१ मीटर अंतरावर मोजतात, आणि योगायोग असा की सामानाच्या कप्प्यापासून होकायंत्रही साधारण तेवढंच लांब. वर्कशॉपमध्ये लोखंडच लोखंड, तिथं मोजणं व्यर्थ. म्हणून मागच्या मोकळ्या प्लॉटवर लाकडी टेबल टाकलं, त्यावर ट्रेकिंगचं होकायंत्र, आणि मोटर दोरीला बांधून लांबून जवळ आणत गेलो. दोन मीटरवर सुई ढिम्म. मीटरभरावर जेमतेम हलली, एका हातावर मात्र चांगलीच फिरली. मोटरच्या बाहेरच्या पोलादी कड्यातच बहुतेक चुंबकीय क्षेत्र बंदिस्त राहतं, म्हणून एवढं सौम्य. तरी घडी घालताना मोटरचं चाक मागच्या बाजूला राहील असंच बिजागर उलटं केलं. शेठनी पुढच्या उड्डाणाआधी जमिनीवर गाडी आत-बाहेर करून होकायंत्राचा आकडा ताडून पाहावा, असं चेकलिस्टमध्ये लिहिलं.

२४ मार्च

फ्रेम तयार. चाचांचा वेल्ड बघावा असा: एकावर एक सरकवलेल्या नाण्यांची चळत. पाटीवर वाळूची पोती चढवून दीडशे किलोपर्यंत नेलं; बिजागरात सैलपणा नाही. मग चाचा स्वतः पाटीवर उभे राहून उड्या मारू लागले, ती चाचणी माझ्या यादीत नव्हती.

आवारात चालवली. सरळ छान, पण वीसच्या पुढे हँडल थरथरतं. दांडा जास्त उभा होता, त्यामुळे चाक जमिनीला टेकतं ती जागा स्टिअरिंगच्या रेषेच्या पुरेशी मागे पडत नव्हती. हेड-ट्यूब, म्हणजे दांडा जिच्यात फिरतो ती नळी, कापून दोन अंश कलती केली. थरथर गेली. फिरताना किंचित जड लागते. शेतात तेच बरं.

छोटी सीटही लावली. शेठना सात किलोमीटर उभं राहवणार नाही. ११०० ग्रॅम.

तराजूवर: बॅटऱ्यांशिवाय १३.६, दोन्ही बॅटऱ्यांसकट १६.४. शेठ म्हणाले, बारा सांगितलं होतं. मी म्हटलं, एका वेळी हातात १३.६ च येणार, बॅटऱ्या पिशवीत. त्यांनी उचलून पाहिली, ठेवली, परत उचलली. "चालतंय."

१० एप्रिल

चिकलठाण्याला पारा चाळिसाला टेकलेला. विमानतळाची उंची १९०० फुटांच्या आसपास, पण या उन्हात हवा इतकी पातळ की इंजिन आणि पंखांच्या दृष्टीनं आपण सव्वापाच-साडेपाच हजार फुटांवर उभे. उन्हाळ्यात शेठ कमाल वजनापेक्षा बरंच खाली राहतात आणि सकाळीच निघतात. त्या हिशेबातही १६ किलो बसले.

गाडी दारातून गेली. आधी मागचं चाक, मग पाव वळण, मग पुढचं. रबराला धक्का नाही. बांधणीसाठी अचानक थांबण्याच्या धक्क्यात वजन नऊपट होतं असं धरलं, १३.६ गुणिले ९ म्हणजे १२२ किलो पुढे, शेठच्या मानेच्या दिशेनं. म्हणून नुसती जाळी नाही. फरशीवरच्या कड्यांना दोन रॅचेट पट्टे, एक पाटीवरून, एक चाकांमधून.

चाचांना टायरची काळजी: वर गेल्यावर फुगून फुटतील का? आठ हजार फुटांवर बाहेरचा दाब इथल्यापेक्षा अडीच-तीन पौंडांनी कमी. टायर चाळीस पौंडांचा. फुटत नाही. चाचांनी तरी पाच पौंड हवा काढली, आणि मऊ टायर शेतात बरा चालतो म्हणून ती तशीच ठेवली.

२६ एप्रिल

लातूर. विमानतळापासून प्लॉटपर्यंत गाडी प्लॉटवाल्याच्या जीपमधून नेली, कागद येईपर्यंत तसंच. आतल्या रस्त्यांवर शेठ स्वतः बसले. हरभरा निघून गेलेला, रान उघडं, ढेकळं. चाकोरीच्या पायरीवर पुढचं चाक एकदा अडलं, मोटरनं जोर केला, चढलं. भेगांवरून गेली. नांगरलेल्या रानात मात्र नाही गेली आणि जाणारही नाही. तिथं ट्रॅक्टरच जातो.

एका पॅकमध्ये बांधावरच्या वाटांनी सहा-साडेसहा किलोमीटर मिळाले, म्हणजे किलोमीटरला वीस वॅट-तासांच्या आसपास. दुसरा पॅक वस्तीवर चार्जिंगला लावला. आवारातल्या गुळगुळीत रस्त्यावर हाच खर्च चौदापर्यंत येतो. ऊन इतकं की कंट्रोलरनं एकदा स्वतःला कमी केलं. त्याला पाटीच्या पत्र्याला पेस्ट लावून चिकटवायचं, पत्रा उष्णता पसरवेल.

१२ जून

पाऊस. ढग खाली आहेत, शेठ उडत नाहीत. चिखलाची चाचणी गंगापूर रोडच्या एका ओळखीच्या शेतावर उरकली. वाफसा यायचा होता. काळी माती चाकाला असली चिकटते की शंभर पावलांत मडगार्ड आणि टायरच्या मधली जागा भरली आणि चाक थांबलं. मोटर रागावली, फ्यूज गेला. मागचं मडगार्ड काढून टाकलं आणि पुढचं ३० मिमी वर घेतलं. पाठ भरते चिखलानं, पण चाक फिरतं. ओल्या काळ्या मातीत पेरणीआधी जाऊच नये, हे शेठना लेखी दिलं.

पुढच्या मडगार्डामुळे घडी ५० ऐवजी ५२ सेंमी झाली. हँगरमध्ये जाऊन पुन्हा घालून पाहिली: दाराची पुढची कड २२ इंच असल्यानं जाते, मागच्या कडेला बोटभर जागा. शेठना नांदेडसाठी दुसरी गाडी हवी आहे. चाचांनी फ्रेमचं जिग, म्हणजे नळ्या जागेवर धरणारा साचा, सांभाळून ठेवलंय. एआरएआयच्या अर्जासाठी ड्रॉइंग साफ करायला घेतली. भाचीनं वायरिंगचा नकाशा दिला की फाइल पुण्याला.